अर्धा फेरा

ता. २, सोमवार

बुडी शिकवणाऱ्या सरांनी आज तारीख सांगितली. बावीस, रविवार, सकाळी सात वाजता धक्क्यावर. प्रमाणपत्र मिळाल्यानंतरची आमची पहिली बुडी. या वेळी सर पाण्यात नसणार, ते बोटीवर बसून राहणार. खाली फक्त मी आणि भाऊजी, एकमेकांचे जोडीदार. पुस्तकात लिहिलं आहे की जोडीदारापासून एका हाताच्या अंतरात राहावं. कोणाच्या हाताच्या ते लिहिलेलं नाही. भाऊजींचे हात माझ्यापेक्षा बरेच लांब आहेत.

वही नवीन आहे, म्हणून दुकानात टाकीची नोंद करतो तशी आधी माझी करतो. वय चोवीस. शिक्षण आठवी पास, नववीचे चार महिने. काम टाक्या तपासणे : आग विझवायच्या, दवाखान्यातल्या प्राणवायूच्या, आणि वर्षातून एकदा सरांच्या बुडी मारायच्या. राहणे एका खोलीत, जेवण दोन गल्ल्या सोडून ताईकडे. दोष : शंकेखोर. हा शेवटचा शेरा मालकांचा आहे. ते म्हणतात, "कुलूप लावलं की चारदा ओढून बघतोस. एक दिवस तुझ्या ओढण्यानंच तुटेल ते."

ता. ४, बुधवार

पहाटे स्वप्न पडलं. आमच्या गल्लीत पाणी होतं, पण पूर नव्हता. स्वच्छ, हिरवट पाणी, दुसऱ्या मजल्याच्या कठड्यापर्यंत. कोणाची काही तक्रार नव्हती. दूधवाला तळाशी सायकल ढकलत चालला होता, एकेका पावलाला एकेक मिनिट घेत. ताई गच्चीत कपडे वाळत घालत होती आणि दोरीवरचे सगळे सदरे वरच्या दिशेनं लोंबत होते. मी खिडकीतून बाहेर पडलो आणि खाली गेलोच नाही, तिथेच राहिलो. तोंडात नळी नाही हे लक्षात आलं. पण सगळेच जण नळीशिवाय होते, मग विचारायचं कोणाला.

उठल्यावर उशी कोरडी आहे ना ते हाताने बघितलं.

दुकानात दिवसभर हौदापाशी होतो. भरलेली टाकी हौदात बुडवायची आणि नॉबपाशी बुडबुडे येतात का बघायचे. एखादा येतो. मोहरीएवढा निघतो आणि वर येता येता वाटाण्याएवढा होतो. मी सहा वर्षं हे बघतो आहे, अजून कंटाळा येत नाही. गेल्या वर्षी सर टाक्या न्यायला आले तेव्हा माझ्याकडे बराच वेळ बघत उभे होते. मग म्हणाले, "बुडबुडे बाहेरून बघतोस, एकदा आतून बघायला ये." हे मी ताईकडे जेवताना सांगितलं, आणि भाऊजी म्हणाले, "हा जाणार असेल तर मीही जाणार. सातव्या मजल्यावर झुला टांगून भिंती रंगवतो मी. वरचं जग बघून झालं, आता खालचं बघू." असं ते सुरू झालं.

टाकी तपासून रिकामी केली की नॉब पूर्ण बंद करायचा आणि मग अर्धा फेरा उघडून ठेवायचा. ही आमच्या दुकानाची खूण आहे. अर्धा फेरा उघडा म्हणजे टाकी रिकामी, तपासलेली, काम संपलं. आज अशा एकोणीस झाल्या.

ता. ७, शनिवार

भाऊजी कामावरून थेट माझ्या खोलीवर आले. कोपरापर्यंत पिस्ता रंग लागलेला. बसले नाहीत, खिडकीशी उभे राहिले.

"ते पान पाठ झालं का तुझं? खाली श्वास अडकला तर काय करायचं ते?"

"झालंय."

"म्हण बघू."

मी म्हटलं. त्यांनी परत म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा म्हणताना त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. माझी किती काळजी करतात. मी त्यांच्यासमोर अडखळलो असतो तर त्यांना वाईट वाटलं असतं, म्हणून सावकाश, नीट म्हटलं.

जाताना म्हणाले, "हे बघ, तुला नको वाटत असेल तर आपण पुढच्या महिन्यात जाऊ. मी कोणाला काही बोलणार नाही. तुझ्यासाठी थांबेन मी."

मी म्हणालो, "नाही भाऊजी, मी तयार आहे." खरं तर मी तयार नव्हतो. पण ते इतकं समजून घेत होते, त्यांच्यासमोर माघार कशी घ्यायची.

ता. ११, बुधवार

सकाळी आणि संध्याकाळी खाटेवर उताणं पडून श्वासाचा सराव. चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. छताला एक ओल आलेली आहे, तिचा आकार रोज थोडा बदलतो. आज ती बोटीच्या तळासारखी दिसली. मी तिच्या खाली, खोल, आणि वरून कोणीतरी वाकून बघतंय असं वाटलं. मग झोप लागली आणि कामावर दहा मिनिटं उशीर झाला. सहा वर्षांत पहिल्यांदा.

ता. १४, शनिवार

ताईकडे जेवायला होतो. भाऊजी आज फार बोलत होते. वाऱ्याचा अंदाज, लाटांची उंची, सगळं त्यांना पाठ. "रविवारी वारा असेल बहुतेक. वारा असला की बोट सोडत नाहीत. आपल्या हातात काय आहे."

ताई म्हणाली, "गेल्या वर्षी झुल्याचा दोर तुटला तेव्हासुद्धा हे शिट्टी वाजवत खाली आले होते. यांना कसली आली आहे भीती."

"भीती कोण म्हणतंय? मी हवामान सांगतोय."

"परवा झोपेत ओरडलात ते काय हवामान होतं?"

"भिंत पडत होती स्वप्नात."

"कुठली भिंत? 'वर घ्या, वर घ्या' म्हणत होतात."

"मग भिंत वरच घ्यायची असते. खाली घेतली तर घर कसं होईल?" आम्ही तिघं हसलो. त्यांच्यासारखं मला एकदा तरी हसता यायला हवं होतं.

मी निघालो तेव्हा ताई जिन्यापर्यंत आली. दिव्याखाली तिचा चेहरा लहानपणीसारखा दिसत होता, मला शाळेत सोडायला यायची तेव्हासारखा. म्हणाली, "तू बरोबर आहेस म्हणून मी पाठवते आहे. कळलं ना? दोघं जाताय, दोघं या. एकटा आलास तर दार उघडणार नाही मी."

मी म्हटलं, "अगं, भाऊजी आहेत की माझ्याबरोबर."

तिने माझ्या सदऱ्याचं वरचं बटण लावून दिलं आणि आत गेली.

ता. १८, बुधवार

यादी केली. तीनदा लिहिली, कारण दोनदा 'निरीक्षण' या शब्दात चूक झाली. चुकीच्या यादीवर विश्वास कसा ठेवायचा. एकूण सतरा ओळी. त्यातली नववी सगळ्यात महत्त्वाची म्हणून तांबड्या शाईने : टाकीचा नॉब शेवटपर्यंत उघडावा. जोडीदाराने तो तपासावा. मग ज्याची टाकी त्याने नळीतून तीन श्वास घ्यावेत, डोळे हवेच्या दाबाच्या काट्यावर. काटा हलता कामा नये.

मालकांना दाखवली. म्हणाले, "लग्नाची यादी यापेक्षा लहान असते."

ता. २१, शनिवार

वारा नाही. पान हलत नाही. भाऊजींना सांगायला गेलो तर म्हणाले, "वा, नशीब," आणि बराच वेळ हात धूत राहिले.

दुपारी झोपलो. पुन्हा गल्लीतलं पाणी. या वेळी आणखी वर आलं होतं आणि ऊन त्यातून जाळीसारखं पडून भिंतींवर हलत होतं. मी दुकानाच्या दारात उभा, आणि रिकाम्या टाक्या एक एक करून जमिनीवरून उठत होत्या, झोपेतून उठल्यासारख्या, आणि दारातून बाहेर जात होत्या. मी प्रत्येकीचा क्रमांक लिहून घेत होतो. भीती वाटली नाही. घाई पण नव्हती.

ता. २२, रविवार

सगळं क्रमाने लिहितो.

समुद्र तेल ओतल्यासारखा सपाट होता. बोटीवर बोटवाला, सर आणि आम्ही दोघं. मी यादी मोठ्याने वाचली. एकेक ओळ झाली की पेन्सिलीने खूण करत होतो. भाऊजी बोटवाल्याला कुठल्याशा गिऱ्हाइकाची गोष्ट सांगत होते, ज्याला भिंतीचा रंग उजेडात वेगळा आणि अंधारात वेगळा हवा होता. बोटवाला हसत नव्हता तरी ते सांगत होते. मी त्यांच्या मागे बसून त्यांच्या टाकीचा नॉब तपासला. नंतर पुन्हा एकदा तपासला. सर म्हणाले, "चला, ऊन चढायच्या आत." आम्ही उडी मारली.

नांगराच्या दोराला धरून हळू हळू खाली. कान दुखले की थांबायचं, नाक दाबून फुंकायचं, परत खाली. चार मीटरवर माझी भीती कुठे गेली ते मला कळलं नाही. बघायला गेलो तर नव्हतीच. पायातून चप्पल निसटते तशी निसटली असेल. स्वतःच्या श्वासाचा आवाज येत होता, शेजारच्या खोलीत कोणी गाढ झोपलेलं असावं तसा. ऊन वरून तिरकं पडत होतं आणि खालच्या वाळूवर त्याची जाळी हलत होती. वाळूला बारीक बारीक वळ्या होत्या, अंथरुणावर रात्रभर कोणी झोपून उठल्यावर चादरीला असतात तशा. खडकामागून पिवळ्या पट्ट्यांचे मासे आले, साधारण चाळीस, सगळ्यांचं तोंड आमच्याकडे. मग सगळ्यांनी एकदम तोंड फिरवलं, आमच्यात बघण्यासारखं काही नाही असं ठरवून. मला हसू आलं आणि मास्कमध्ये थोडं पाणी शिरलं. ते मी नाकाने फुंकून काढलं, न घाबरता. हे मला जमलं याची इथे नोंद करतो.

अकरा मीटर. दर पाच मिनिटांनी स्वतःचा काटा बघायचा, मग जोडीदाराचा. माझा एकशे पन्नासवर होता. भाऊजींचा हातात घेतला तर एकशे साठवर. बरं वाटलं. तेवढ्यात त्यांनी श्वास घेतला आणि काटा सत्तरवर आला. श्वास सोडला, परत एकशे साठ. परत श्वास, साठ.

मला लगेच कळलं. टाकीत हवा भरपूर आहे पण नॉब जेमतेम उघडा आहे. वर तेवढी हवा पुरते, खाली पुरत नाही. भाऊजींचं काट्याकडे लक्षच नव्हतं. त्यांना एवढंच कळत होतं की ओढतोय आणि येत नाही. त्यांचे डोळे मास्कमध्ये मावत नव्हते. ते वर बघत होते, एकदम सुटायच्या बेतात. अकरा मीटरवरून श्वास कोंडून तसं वर जायचं नसतं. फुप्फुस फाटू शकतं.

मी माझी जादाची पिवळी नळी त्यांच्या तोंडासमोर धरली. त्यांनी ती घेतली. मग मी त्यांच्या मागे गेलो आणि नॉब उघडला. एक फेरा, दोन, शेवटपर्यंत. त्यांची स्वतःची नळी हातात दिली, तिच्यातून श्वास घ्यायला लावला, काटा त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. काटा हलला नाही. हे सगळं इतकं सावकाश झालं की मधे एक मासा येऊन माझ्या हाताकडे बघून गेला.

भाऊजींनी अंगठा वर केला, म्हणजे वर जाऊ. पाच मीटरवर दोर धरून तीन मिनिटं थांबलो, नियम आहे. वर बोटीचं पोट दिसत होतं. ती तीन मिनिटं संपूच नयेत असं मला वाटलं, आणि त्याच वेळी मनात काहीतरी टोचत होतं.

वर आल्यावर भाऊजींनी मास्क काढायच्या आधी सरांना सांगितलं, "याने वाचवलं मला." सरांनी विचारलं, "नॉब कोणी उघडला होता?" भाऊजी म्हणाले, "मीच. कमी उघडला असणार. गप्पा मारत होतो ना." सर त्यांना बरंच बोलले. ते मान खाली घालून ऐकत राहिले.

मी काही बोललो नाही.

ता. २३, सोमवार

काल जे लिहिलं नाही ते लिहितो.

भाऊजींनी नॉब शेवटपर्यंत उघडला होता. मी पहिल्यांदा तपासला तेव्हा तो बरोबर होता. यादीत नवव्या ओळीपुढे दोन खुणा आहेत. पहिली तपासून झाल्याची. दुसरी, माझं समाधान झालं नाही म्हणून पुन्हा तपासल्याची. त्या दुसऱ्या वेळी सर "चला" म्हणाले आणि माझ्या हाताने काम संपवलं. दुकानात संपवतो तसं. नॉब पूर्ण बंद केला आणि अर्धा फेरा उघडून ठेवला. मग मी खूण केली, नीट, ओळीच्या मधोमध.

आज दुकानात सोळा टाक्या झाल्या. प्रत्येकीच्या शेवटी मी माझा हात बघत होतो. तो मला न विचारता वळतो.

ता. २४, मंगळवार

ताईकडे शेजारचे शिंपीकाका आले होते. भाऊजी त्यांना गोष्ट सांगत होते. अकरा मीटरचे आता पंचवीस झाले होते आणि मासा दाराएवढा. "आणि हा पोरगा शांत. बर्फासारखा. मी याला इन्स्पेक्टर म्हणून चिडवायचो, आता पाय धुऊन पाणी पितो." ताईने माझ्या पानात सगळ्यांपेक्षा जास्त वाढलं. तिचे डोळे भरलेले होते. म्हणाली, "मला माहीत होतं."

हातातला घास पानात ठेवला. मी म्हणालो, "भाऊजी, तुमचा नॉब मी बंद केला."

"काय?"

"तुम्ही बरोबर उघडला होता. मी दुसऱ्यांदा तपासताना बंद केला. दुकानातली सवय. मग अर्धा फेरा उघडला. चूक तुमची नव्हती, माझी होती. तुम्हाला बोलणी बसली तेव्हाही मी गप्प राहिलो."

शिंपीकाका उठले. "दुकान उघडं टाकून आलोय," म्हणाले आणि गेले. त्यांचं दुकान मंगळवारी बंद असतं.

भाऊजी पाणी प्यायले, तांब्या खाली ठेवला, उठून गच्चीत गेले. ताई माझ्याकडे बघत होती, ओळख पटत नसल्यासारखी. मग म्हणाली, "जेव. वाढलंय ते संपव." मी संपवलं. ती समोर बसून होती.

येताना सरांना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "परवा भाऊजींना बोललो ते मी परत घेतो, त्यांना सांगेन. तू यादीत एक ओळ वाढव. एकदा तपासलं की हात मागे."

ता. २७, शुक्रवार

तीन दिवस ताईकडे गेलो नाही. दुकानाशेजारी खातो. स्वप्न पडलं नाही. गल्ली कोरडी आहे, माणसं भराभर चालतात.

ता. २८, शनिवार

दुपारी भाऊजी दुकानात आले. मालकांना नमस्कार केला आणि माझ्यापाशी येऊन उभे राहिले. अंगावर सगळा पांढरा रंग, भुवयासुद्धा.

"दाखव. कसं झालं ते."

मी टाकी घेतली, उघडली, बंद केली, अर्धा फेरा. त्यांनी परत दाखवायला सांगितलं. मग स्वतः केलं. दहा-बारा वेळा केलं, गंभीर चेहऱ्याने, भिंतीला पहिला हात देताना असतो तशा. मालक लांबून बघत होते.

मग भाऊजी हौदाच्या कडेला बसले. म्हणाले, "मला राग आला होता. अजून थोडा आहे."

"हो."

"पण यादीत पुढे काय लिहिलं होतंस? नॉबनंतर?"

"तीन श्वास, डोळे काट्यावर."

"ते कोणाचं काम?"

"ज्याची टाकी त्याचं."

"मी केलं नाही. तू वाचलंस, मी ऐकलं, आणि नुसतं 'झालं' म्हणालो. काट्याकडे बघितलंच नाही. का, माहीत आहे? बघितला असता, सगळं ठीक निघालं असतं, तर शेवटची आशाही गेली असती. काहीतरी बिघडलेलं असावं असं वाटत होतं मला. महिनाभर वाटत होतं. वारा तरी यावा, बोट तरी बंद पडावी. हे तुझ्या ताईलासुद्धा सांगितलेलं नाही. तिला न सांगता कळलेलं दिसतंय."

मी म्हणालो, "भाऊजी, मला बरं वाटावं म्हणून असं म्हणू नका."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग एकदम हसायला लागले, भुवयांवरचा रंग हौदात पडेपर्यंत. "कठीण आहेस बाबा," म्हणाले. "संध्याकाळी जेवायला ये. तिने सांगितलंय. आणि पुढच्या रविवारचं सरांना विचार."

माणसाचं मन मोठं असावं तर असं. स्वतःला भित्रा म्हणवून घेतलं, केवळ माझी चूक हलकी व्हावी म्हणून. सातव्या मजल्यावर काम करणारा माणूस.

पुढचा महिना, ता. ६, रविवार

आज दुसरी बुडी झाली. थोडक्यात लिहितो, झोप येते आहे. दिवसाढवळ्या येते आहे, अंगात अजून लाटा आहेत.

यादीत अठरा ओळी. भाऊजींनी स्वतःचा नॉब उघडला, मी एकदा बघितला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो. ते तीन श्वास घेताना काट्यावरून डोळे काढत नव्हते. मीही बघत होतो. काटा हलला नाही. भाऊजी म्हणाले, "झालं," आणि आज गोष्ट कोणालाच सांगितली नाही.

तेच मासे असावेत. आज पाणी जास्त निळं होतं आणि तळाशी गवतासारखं काहीतरी एका बाजूला झुकायचं, थांबायचं, मग दुसऱ्या बाजूला, सगळं एकदम, जणू समुद्र कुशीवर वळतो आहे. एका खडकाला लहान भोक होतं, त्यातून कोणीतरी मिशा बाहेर काढून आमची चौकशी करत होतं. आम्ही तेहेतीस मिनिटं खाली होतो. मला सात वाटली.

उडी मारल्यापासून वर येईपर्यंत भाऊजींनी माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं, मला धीर यावा म्हणून. मी घाबरलो नव्हतो, पण त्यांना वाईट वाटू नये म्हणून सोडवून घेतलं नाही. आता दुपार टळली तरी त्यांच्या चार बोटांचे वळ तसेच आहेत.